सुभेदाराची व्हॅन

१

संघदीपला पोलिसांनी उचललं ते इंदूरजवळ राऊच्या नाक्यावर, सकाळी सव्वासात वाजता, पलासियाच्या कोचिंगला निघालेली सहा पोरं गाडीत बसलेली असताना. पोरांना रस्त्यावर उतरवलं, व्हॅन ठाण्यात नेली आणि मागच्या जीपमध्ये संघदीपला बसवलं. गाडी चोरीची निघाली. उन्हाळ्यात भोपाळहून गेलेली. सीटखालचा चासी नंबर घासून नवा ठोकलेला, आणि आरसी बुक कुठल्यातरी छापखान्यात जन्मलेलं.

ही गोष्ट नोव्हेंबर त्र्याण्णवची. मिल बंद पडून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी श्रीपाद, फोल्डिंग खात्यात सव्वीस वर्षं कापड तपासणारा माणूस. संघदीप लूमवर होता. एकाच चाळीत राहायचो, एकाच शिफ्टला जायचो आणि एकाच दिवशी घरी बसलो. मी बसलो तो बसलोच. संघदीप पस्तिशीतला, त्याला बसून भागणार नव्हतं. नवीन नवीन कोचिंग क्लास निघाले होते, राऊकडे वस्ती वाढत होती, तेव्हा त्यानं जुनी व्हॅन घेऊन पोरांची ने-आण सुरू केली. जेमतेम महिना झाला होता.

कोर्टानं सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. ठाण्यातले टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "जिससे खरीदी उसको लाओ. नहीं तो सोमवार को मैं इसी को गैंग का आदमी लिखूँगा."

शुक्रवारी दुपारी संघदीपची बायको पंचशीला माझ्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, गाडी तर तुम्ही पण पाहिली होती नं?"

पाहिली होती. मीच पाहिली होती, आणि त्या दिवशी माझ्या बोटांना जे कळलं होतं ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

२

पेपरात छोटी जाहिरात आली होती. फौजी अफसर, तबादला, मारुती व्हॅन, घरगुती वापर. पत्ता राऊचा. आम्ही चौघं गेलो. संघदीप, मी, पलासियाचा मेकॅनिक परेश, आणि संघदीपचे वडील तात्याराव.

तात्यारावांशिवाय हा सौदा झालाच नसता. चाळीत त्यांना सगळे हवालदार म्हणायचे. त्यांचे वडील पलटणीत होते, स्वतः महूच्या छावणीत बावीस वर्षं नोकरी. संघदीप लहानपणापासून आजोळी, इंदूरला वाढला. बाप महिन्यातून दोनदा यायचा, ताठ मानेनं. सव्वीस जानेवारीला चाळीच्या चौकात झेंडा चढला की अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा असा कडक सॅल्यूट ठोकायचा की पोरं श्वास रोखून बघायची. उन्हात त्यांचे पांढरे केस चमकायचे. संघदीप थट्टेनं त्यांना घरातही "आमचे हवालदार" म्हणायचा, पण त्या थट्टेत सगळा अभिमान होता.

गाडी विकणारा म्हणजे सुभेदार दौलतराव. पन्नाशीच्या आतला, बारीक मिशी, इस्त्रीचा शर्ट. तात्यारावांना बघितल्यावर तो क्षणभर थांबला, संघदीपनं "हे आमचे हवालदार" म्हणून ओळख करून दिली तेव्हा त्यानं खाडकन सॅल्यूट केला. तात्यारावांनी तसाच परत केला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

सुभेदारानं आतून स्वतः चहा आणला. ट्रे डाव्या तळव्यावर, खांद्याच्या उंचीला. आम्हा तिघांना दुधाचा चहा दिला आणि तात्यारावांपुढे कोरा, बिनदुधाचा कप ठेवला. "आपके लिए," एवढंच म्हणाला. परेश गाडी घेऊन एकटाच एक चक्कर मारून आला. तेवढ्यात संघदीप आणि मी कोपऱ्यावर पान खायला गेलो.

परत आल्यावर मी सीट उचलली. कापड तपासताना डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायची सवय. चासी नंबरावरून बोट फिरवलं आणि ते अडखळलं. रफू केलेल्या कापडावर अडखळतं तसं. मिलमध्ये असतो तर त्या ताग्यावर सेकंडचा, म्हणजे सदोष मालाचा शिक्का मारून मोकळा झालो असतो. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, तुमचं फौजी ओळखपत्र जरा बघायला मिळेल का? आणि बदलीचा हुकूम?"

सुभेदार काही बोलायच्या आत तात्यारावच बोलले. "श्रीपाद, चूप बैस. फौजीकडे कागद मागतो का कोणी?"

मी चूप बसलो. वडीलधारा माणूस, त्यातून हवालदार. आपल्याला फौजेतलं काय कळतं, म्हणून मूग गिळले. आज लिहिताना लाज वाटते.

३

शनिवारी सकाळी मी राऊ गाठलं. ज्या घरात सौदा झाला त्याच्या मालकीणबाई गंगूबाई. सुभेदार कुठे गेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक महिन्याचं भाडं आगाऊ देऊन पंधरा दिवस राहिला आणि गेला.

"फौजी होता हे खरं का?" मी विचारलं.

"तो सांगायचा भिया, मी कशाला विचारू? पण बूट कधी दिसले नाही त्याचे. वर्दी पण नाही. माझ्याकडेच धुणं पडायचं, मला माहीत आहे नं."

"मग दिसायचं काय?"

गंगूबाई हसल्या. "रांधणं. कटलेट काय, पुडिंग काय, मला तर नाव पण नाही येत. आणि कप-बशा धुवून अशा पुसायचा की आरसा. हातरुमाल दिला तर त्याचं कमळ करून ठेवायचा. मी म्हटलं, सुभेदारसाहेब, तुमच्या मिसेसची मजा आहे."

मी तिथंच पायरीवर बसलो. तळव्यावर ट्रे तोलून धरणारा सुभेदार मला आठवला. हा माणूस कधी लढाईवर गेला असेल की नाही ठाऊक नाही, पण साहेब लोकांच्या टेबलाशी त्यानं नक्की उमेदवारी केली होती. म्हणजे अफसरांची मेस. म्हणजे महू. छावणीची बोली, छावणीची बदली, छावणीतला रुबाब, सगळं त्यानं टेबल पुसता पुसता उचललं होतं.

इथवर ठीक होतं. पण चार अनोळखी माणसांत एकालाच कोरा चहा लागतो हे त्याला कुणी सांगितलं? तात्याराव दुधाचा चहा घेत नाहीत हे चाळीला ठाऊक होतं. राऊतल्या परक्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आमच्या चौघांपैकी कुणीतरी त्याला आधीपासून ओळखत होतं.

४

संशय घ्यायचा तर परेशवर घेणं सगळ्यात सोयीचं होतं. गाडी "फर्स्ट क्लास" आहे असं तोच म्हणाला होता. रोज दहा जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या, विकणारे दलालही त्याच्याच ओळखीचे. शिवाय तरुण, नवी बुलेट घेतलेला. पन्नाशीच्या बेकार माणसाला अशा पोराबद्दल वाईट विचार करायला वेळ लागत नाही.

तो पलासियाच्या गॅरेजमध्ये एका फियाटखाली झोपला होता. मी वाकून विचारलं, "परेश, तुझं कमिशन किती होतं?"

तो सरकत बाहेर आला. हात पुसले, रागावला नाही. "श्रीपादजी, मी इंजन पाहिलं. इंजन सही में फर्स्ट क्लास आहे, आजही जाऊन ठाण्यात बघा. नंबर-विंबर, पेपर, ते तुम्ही बघत होते नं? सीट तुम्ही उचलली होती."

हे खरं होतं.

"आणि शक करायचाच असेल," तो हळू आवाजात म्हणाला, "तर एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा बोललो नाही, म्हटलं बुजुर्गांची आपसातली बात. मी चक्कर मारून आलो नं, तेव्हा तुम्ही दोघं पान खायला गेले होते. तात्याराव आणि तो सुभेदार चिंचेखाली उभे होते. सुभेदार हसत होता. तात्यारावांची मान खाली होती. मला पाहून दोघं चूप."

"बोलणं ऐकलंस का?"

"फक्त एक लफ्ज. सुभेदार त्यांना 'तात्या' म्हणाला. भिया, मी त्यांच्या पोराच्या वयाचा, मला ते खटकलं. पहिल्याच भेटीत कोण म्हणतं असं?"

कालच संध्याकाळी मी तात्यारावांना विचारलं होतं की आम्ही नसताना तो माणूस काही बोलला का. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं होतं, "एक अक्षर नाही."

५

तरी माझं मन मानेना. म्हातारा बाप पोराच्या पोटावर पाय देईल हे मला पटेना. म्हणून मी महूला गेलो. तिथं पेन्शनर मंडळींत नाना सुभेदार म्हणून एक होते, पंच्याहत्तरीचे, खरेखुरे. छावणीतला कोण कुठल्या साली आला आणि गेला हे त्यांना तोंडपाठ.

"दौलतराव नावाचा सुभेदार? इथे? नाही," नाना म्हणाले. "बरं, तुम्हाला तो फौजी का वाटला?"

"त्यानं सॅल्यूट केला, नाना. असा." मी बाकावरून उठून करून दाखवला.

"डोक्यावर काय होतं त्याच्या?"

"काहीच नव्हतं."

नाना मिशीत हसले. "मग बसा खाली. आमच्याकडे उघड्या डोक्यानं सॅल्यूट होत नाही. टोपी नसली तर सावधान, बस. रंगरूटाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीस वर्षांचा फौजी झोपेत पण चुकत नाही. जो चुकला तो फौजी नाही, लिहून घ्या."

मी त्यांचे आभार मानले, चहा प्यायलो, बस पकडली. खोटा सुभेदार पकडल्याचं समाधान वाटत होतं. राऊ मागे पडलं आणि मग ते समाधान गेलं.

त्या दिवशी सॅल्यूट एकानं केला नव्हता, दोघांनी केला होता. आणि दुसऱ्याच्या डोक्यावरही काही नव्हतं. त्या दिवशी नव्हतं आणि दर सव्वीस जानेवारीलाही नसायचं. त्यांचे पांढरे केस चमकताना मीच तर बघत आलो होतो.

मला ते कळायला नको होतं. पण कळलेलं परत टाकता येत नाही, आणि सोमवारला मध्ये एकच दिवस उरला होता.

६

रविवारी सकाळी तात्याराव दाराबाहेर खाटेवर बसले होते. पंचशीला डबा घेऊन ठाण्यात गेली होती. मी शेजारी बसलो आणि कापडाचा दोष सांगतात तसं एकेक करून सांगितलं, आवाज न चढवता.

"तात्याराव, तो माणूस सुभेदार नव्हता, मेसमधला होता. ट्रे धरायची त्याची पद्धत आणि गंगूबाईंनी सांगितलेलं रांधणं, दोन्ही तेच सांगतं. त्यानं तुम्हाला न विचारता कोरा चहा दिला, कारण तो तुम्हाला ओळखत होता. चिंचेखाली तुम्हाला तात्या म्हणाला. तुम्ही मला म्हणालात की तो एक अक्षर बोलला नाही. फौजी आणि मेसवाला एकमेकांना ओळखू शकतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. हवालदारानं मेसवाल्याला सुभेदार बनून गाडी विकताना बघितलं असतं तर तिथंच कान धरला असता. तुम्ही धरला नाही. म्हणजे तोंड उघडलं तर त्याच्यापेक्षा तुमचंच जास्त जाणार होतं."

मी सॅल्यूटबद्दल सांगितलं. नाना सुभेदारांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

तात्याराव म्हणाले, "छाती अर्धा इंच कमी भरली होती. अर्धा इंच, श्रीपाद. बाप पलटणीत, आणि मला भरतीतून परत पाठवला. घरी काय तोंड दाखवू? तिथंच अफसर मेसमध्ये लागलो. बैरा, टेबलावर वाढणारा. बावीस वर्षं इमानदारीनं केलं. लोक म्हणाले महूला नोकरी, म्हणजे फौजी. मी नाही म्हणालो नाही. संघदीपच्या आईला माहीत होतं फक्त. ती गेली."

"आणि तो?"

"शंकर. माझ्या हाताखाली मसालची होता, भांडी धुवायचा. दूध साहेबांचं, म्हणून आम्ही दोघं मागच्या दारात कोरा चहा प्यायचो. त्यानं कप पुढे ठेवला तेव्हाच समजलो मी, हा काय म्हणतोय ते. नंतर चिंचेखाली साफ बोलला. तात्या, तुम्ही हवालदार, मी सुभेदार, दोघांची इज्जत राहू द्या."

"गाडी चोरीची असेल असं वाटलं नाही?"

"नाही रे. मला वाटलं, मी पण तर खोटाच आहे. माझ्या खोट्यानं कुणाचं काय बिघडलं? त्याचं पण तसंच असेल, उगाच भाव मिळावा म्हणून. गाडी तर गाडीच राहील."

ते एकटेच चुकले नव्हते. माझं बोट त्या नंबरावर अडखळलं होतं, तरी मी गप्प बसलो. दोघांचीही चूक एकाच मानापायी झाली, त्यांनी आपला मान सांभाळला आणि मी त्यांना तो दिला.

"नाव सांगितलं मी," ते म्हणाले. "सिमरोलला त्याची बहीण आहे, तिथं सापडेल. तू जाऊन सांग ठाण्यात. मला नको नेऊ. पोरगं तिथं आहे."

"माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवेल? ओळख तुम्हालाच पटवावी लागेल. तुम्ही त्याला कसं ओळखता, हे पहिलं विचारतील."

"पोरासमोर?"

मी उठून उभा राहिलो. त्यांनी सदरा बदलला आणि चपला शोधायला लागले. चपला पायाशीच होत्या.

७

लॉकअप टीआय साहेबांच्या टेबलापासून दहा पावलांवर होतं. गजांच्या आत संघदीप उभा, बाहेर डबा धरून पंचशीला. बापाला बघून संघदीपचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, हवालदार आले, आता काहीतरी होणार.

टीआयनी खुर्ची दिली. तात्याराव बसले नाहीत.

"आप उसको कैसे जानते हैं?"

"साथ में काम किया, साहब. महू में, अफसर मेस. वो मसालची था. मैं बैरा."

"आप तो हवालदार हैं न? लड़के ने लिखवाया है."

"नहीं साहब. कभी नहीं था."

पंचशीलानं डबा खाली ठेवला. मी संघदीपकडे बघायचं टाळत होतो, पण नजर गेलीच. तो बापाच्या पाठीकडे बघत होता. टीआयनी पुढचे प्रश्न अदबीनं विचारले, शंकरचं वय, उंची, बहिणीचं घर, आणि तात्याराव एकेकाचं उत्तर देत गेले.

निघताना ते गजांपाशी थांबले. संघदीपनं एकच विचारलं, "त्या दिवशी ओळखलं होतं त्याला?"

"हो."

"मला एकदा खुणेनं तरी सांगायचं. मी गाडी नसती घेतली. कारण पण नसतं विचारलं."

तात्यारावांनी मान हलवली. संघदीप मागे जाऊन भिंतीशी बसला.

८

शंकर त्याच संध्याकाळी सिमरोलला सापडला, कोऱ्या आरसी बुकांच्या गठ्ठ्यासकट. आमच्यासारखे आणखी तिघे त्यानं असेच गंडवले होते, सगळे फौजी नावाला भुललेले. सोमवारी संघदीप सुटला. व्हॅन भोपाळच्या मालकाकडे जायची होती, ती ठाण्याच्या आवारातच राहिली. तिच्या शेजारून जाताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

चाळीत माणसं जमली होती. कुणी नारळ आणला होता, कुणी हार. माझ्या बायकोनं, अरुंधतीनं, त्याला ओवाळलं. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, तो बदमाश सापडला कसा. कोणीतरी म्हणालं की श्रीपादभाऊ दोन दिवस फिरत होते, त्यांनीच शोधला असणार. हार माझ्याकडे वळला. मी तोंड उघडणार तेवढ्यात संघदीपनं तो हार माझ्या हातातून काढून घेतला आणि बापाच्या गळ्यात घातला.

"यांनी शोधला," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आमच्या हवालदारांनी. फौजी माणूस, खोटा सुभेदार यांना बरोबर ओळखू आला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं तात्यारावांच्या पाया पडली. ते हार घालून खाटेवर बसून राहिले, मान खाली. संघदीप आत निघून गेला.

त्यानंतर तो भाड्याचा लोडिंग टेम्पो चालवायला लागला. घरात बापाचं ताट वेळेवर येतं, औषध येतं, कधी आवाज चढत नाही. चारचौघांत तो त्यांना हवालदार म्हणतो, पूर्वीपेक्षा जास्त वेळा. घरात मात्र कुठल्याच नावानं हाक मारत नाही.

महिनाभरानं तात्याराव माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "श्रीपाद, तू ट्रेवरून माणूस ओळखलास, चहावरून ओळखलास. आता एक सांग. त्या दिवशी पोरानं माझ्या गळ्यात हार घातला, ती माफी होती की सजा?"

मी पुष्कळ विचार केला. मग त्यांना खरं ते सांगितलं, की मला कळलेलं नाही, आणि हे फक्त संघदीपलाच विचारता येईल. ते काठी घेऊन निघाले. घरी गेल्यावर त्यांनी ते विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.